बाईंचं पहिलं नाव

तुम्ही आमच्या गावाची तीनशेच्या वर मतं केराच्या टोपलीत घातलीत. तुम्ही म्हणजे कोण ते मला माहीत नाही. कुठल्यातरी कचेरीत बसून तो नियम ज्यानं लिहिला तो, किंवा ती. तुम्ही लाच खाल्ली असं मी म्हणत नाही, लाच खायलाही थोडी कल्पनाशक्ती लागते. पण तुम्ही आयुष्यात कधी तिसरीच्या वर्गात बसला नाहीत, एवढं मी छातीठोक सांगतो. बसला असतात तर तो नियम लिहिताना तुमचा हात लटपटला असता.

आमच्या ऑर्बी गावात कुणालाही विचारा, शाळा म्हणजे कुचेराबाई. चाळीस वर्षं त्यांनी तिसरीचा वर्ग सांभाळला. आमच्या गावात पन्नाशीच्या आतला एकही माणूस असा नाही, ज्याला त्यांनी गिरवायला लावलं नाही. दोन वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या, आणि लगेच शाळा मंडळातल्या लोकांना वाटू लागलं, की शाळा बंद करून टाकावी. पोरांना बसनं हॅम्लिनच्या शाळेत पाठवावं. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. मंडळात तिघं म्हणाले बंद करा, तिघं म्हणाले नको. सातवे सभासद गुडघ्यांना ऊन लागावं म्हणून ॲरिझोनाला राहायला गेले, आणि त्या रिकाम्या खुर्चीसाठी निवडणूक लागली.

बियाण्यांचा व्यापारी केंट राडेमाखर उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, पण आकडेमोड करून करून त्याचं मत झालं होतं, की शाळा परवडत नाही.

लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक लायल झाब्का याच्या जुळ्या मुली पहिलीत होत्या. जानेवारीत, काळोखात, गुडघाभर बर्फात त्या दोघी बसची वाट बघत उभ्या आहेत, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. खिळे मोजून देतानाही हलेना. शेवटी एका दुपारी तो टोपी हातात घेऊन कुचेराबाईंच्या दारात गेला.

"बाई, तुम्ही उभ्या राहाल का?"

"मी चाळीस वर्षं उभीच होते, लायल," बाई म्हणाल्या. "आण तो अर्ज."

इथून घोटाळ्याला सुरुवात झाली. बाईंनी अर्ज भरला तो लाल शाईत. दुसरं पेन त्यांच्या पर्समध्ये कधी नव्हतंच. भरता भरता त्यांनी अर्जच तपासला, दहापैकी सहा गुण दिले, आणि खाली शेरा मारला: 'सूचना अस्पष्ट. पुन्हा लिहा.'

निवडणूक कचेरीतली कारकून मुलगी शहरातून नव्यानं आलेली. तिनं अर्ज परत पाठवला. फक्त निळी किंवा काळी शाई चालेल. तो परत येईपर्यंत मुदत संपली होती.

लायलनं फोन केला तेव्हा मुलगी म्हणाली, "मतपत्रिकेवर खाली एक कोरी ओळ असते. त्यावर लोकांनी हातानं नाव लिहिलं, तर मत धरतो आम्ही."

लायलच्या जिवात जीव आला. "अहो, मग चिंताच मिटली! बाईंचं नाव लिहायला आमच्या गावात कोण चुकतंय?"

"पहिलं नाव आणि आडनाव. दोन्ही. एक जरी नसलं तर मत बाद."

"हो हो," लायल म्हणाला आणि फोन ठेवला. मग आडनावाआधी काय लिहायचं तेच त्याला सुचेना.

तो तसाच उठून मार्लिसच्या कॉफीच्या दुकानात गेला. तिथं पोलिसप्रमुख व्हर्न ॲपल-पायचा तुकडा खात बसला होता. दोघं एकाच बाकावर शिकलेले.

"व्हर्न, बाईंचं पहिलं नाव काय रे?"

"बाई."

"बाई हे नाव असतं का?"

व्हर्ननं काटा खाली ठेवला. "मग दुसरं काय असणार?"

मार्लिस किटली घेऊन आली, ती तिथंच थबकली. दुकानात आठदहा माणसं होती, सगळ्यांनी कप खाली ठेवले. माणसाला आईबाप असतात, ते बारसं करतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुचेराबाईंना कुणीतरी पाळण्यात घातलं असेल, हे त्या दिवसापर्यंत ऑर्बीत एकाच्याही डोक्यात आलेलं नव्हतं.

"त्यांचे यजमान काय हाक मारायचे?" लायलनं विचारलं.

मार्लिस म्हणाली, "मी ऐकलंय ना. दोघं इथंच बसायचे. ते म्हणायचे, 'साखर देता का, कुचेराबाई?'"

"टेलिफोनच्या पुस्तकात?"

"यजमानांच्याच नावावर. अजून."

"कुणीतरी जाऊन विचारायला पाहिजे," लायल म्हणाला. सगळ्यांनी व्हर्नकडे पाहिलं. त्याच्या कमरेला पिस्तूल होतं.

"लायल्या, मी पोलिस आहे," व्हर्न म्हणाला. "जिवावर उदार झालेलो नाही."

मग लायललाच जावं लागलं. रविवारी गाडी काढली, मागे कुत्री बसवली. बरोबर कुणीतरी जिवंत असलं की बरं वाटतं. बाई परसात भोपळे काढत होत्या. लायलनं दार उघडायचा अवकाश, कुत्रीनं कुंपणावरून उडी मारली ती थेट वाफ्यात, आणि माती उकरायला लागली.

लायल ओरडला, "ट्रिक्सी! ए ट्रिक्सी, बेशरम कुठली! ऊठ तिथनं!"

बाई सावकाश सरळ झाल्या. चष्मा नाकावर खाली आला. त्या चष्म्यावरून बघायला लागल्या, की पुढचा माणूस आपोआप आठ वर्षांचा होतो.

"लायल झाब्का. हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"कुठलं नाव, बाई?"

बाईंनी वाफ्यातल्या कुत्रीकडे पाहिलं. लायलच्या डोक्यात ते हळूहळू उतरलं, आणि त्यानं टोपी काढून छातीशी धरली.

"बाई... बाई, ही कुत्री आहे हो."

"मला दिसतंय."

"मला माहीत नव्हतं. देवाशपथ. आम्ही तिचं नाव... मुलींनी ठेवलंय."

"माझं वडिलांनी ठेवलं," बाई म्हणाल्या आणि एक भोपळा टोपलीत ठेवला. "त्या वर्षी गावात सर्कस आली होती. पळत्या घोड्यावर एक मुलगी उभी राहायची, हात सोडून. तिचं नाव ट्रिक्सी. वडील म्हणाले, आपलीही अशीच होऊ दे. शाळेत मी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तुम्ही पाढे पाठ केले असते?"

"नाही, बाई."

"मग तोंड बंद कर, माशी जाईल. आणि त्या कुत्रीला घेऊन जा."

त्या दिवसापासून लायलची कुत्री बिननावाची झाली. तो नुसती शीळ घालायचा. पण एका गोष्टीनं तो हादरून गेला होता. रात्री बायकोला म्हणाला, "पळत्या घोड्यावर, अगं. हात सोडून. आणि आपण चाळीस वर्षं त्यांना नुसतं खडूनिशी पाहिलं."

त्यानं पाट्या छापून घेतल्या. मोठ्या अक्षरांत: ट्रिक्सी कुचेरा, शाळा मंडळासाठी. आमच्याकडे निवडणूक आली की घरोघर अंगणात अशा पाट्या लागतात, पण ही पाटी कुणी लावीना. मार्लिसनं घेतली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. व्हर्ननं गॅरेजमध्ये गोणपाटाखाली लपवली. एका म्हातारीनं लायलला फोन करून झापलं, की असलं अचरट काही माझ्या अंगणात दिसलं तर याद राख, बाई रोज इथनं फिरायला जातात. खुद्द लायलनं लावली, आणि संध्याकाळी बाईंची फिरायची वेळ झाली तसं तिच्यावर पोतं टाकलं. शेजाऱ्यानं विचारलं तर म्हणाला, दव पडतंय.

मग त्यानं अग्निशमन केंद्रात सगळ्यांना बोलावलं. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या.

"घाबरायचं काही नाही," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "नुसतं नाव आहे. माझ्यामागून म्हणा. ट्रि..."

एवढ्यात बाहेर कुणाच्यातरी बुटांचा आवाज झाला, आणि सगळं केंद्र ताडकन उभं राहिलं. पिझ्झावाला होता.

"व्हर्न, तू म्हण," लायल म्हणाला.

"ट्रि..." व्हर्न म्हणाला. त्याला ठसका लागला. पाणी पाजावं लागलं. "लायल्या, मी चोराला नुसत्या हातांनी पकडलंय. वादळात माणसं काढलीत. हे नाही व्हायचं माझ्याच्यानं."

"बोलू नको, बाबा. लिही तरी! मतपत्रिकेवर कोण बघतंय?"

"ते तुला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या.

मतदान झालं. सकाळी कचेरीत मोजणी लागली. बाई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. केंट भिंतीला टेकून. केंटला पडलेली मतं दोनशेच्या आतबाहेर. मग कारकून मुलीनं कोऱ्या ओळीवर लिहिलेल्या मतपत्रिकांचा गठ्ठा उघडला, आणि दोनचार चाळताच तिचा चेहरा पांढरा पडला.

"ही लबाडी आहे," ती म्हणाली. "हे सगळं एकाच माणसानं लिहिलंय."

तिनं मतपत्रिका टेबलावर पसरल्या. आम्ही वाकून पाहिलं. तीनशेच्या वर ओळी, आणि प्रत्येकीवर तेच ठसठशीत वळण, तोच उजवीकडचा कल, शेवटच्या अक्षराला तीच बारीक शेपटी. एका माणसानं एका बैठकीत लिहावं तसं.

"पोलिसांना बोलवा!" मुलगी म्हणाली.

"मीच पोलिस," व्हर्न म्हणाला. त्यानं तिच्या हातातलं पेन घेतलं आणि समोरच्या कागदावर बाईंचं आडनाव लिहिलं. तेच वळण. तीच शेपटी. मग त्यानं पेन मार्लिसला दिलं. मार्लिसनं लिहिलं. मग लायलनं, मग दारातल्या टपालवाल्यानं. शेवटी केंट भिंतीपासून पुढे आला आणि त्यानंही लिहिलं. सगळं एक. ती मुलगी एकेक ओळ बोटानं बघत राहिली. आपण सगळे एकाच हाताचे आहोत, हे आम्हालाही त्या दिवशीच कळलं.

बाईंनी मान वाकडी करून पाहिलं. "व्हर्न, तुझी शेपटी अजून लांब जाते," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

मुलीनं डोळे पुसले, आणि मग तुमचा नियम काढला. कारण त्या तीनशेच्या वर ओळींवर काय लिहिलं होतं, माहीत आहे? 'कुचेराबाई.' नुसतं. लायलच्या मतपत्रिकेवरसुद्धा. त्यानं मला नंतर सांगितलं, की त्यानं 'ट्र'पर्यंत हात नेला होता, आणि मग पेन आपोआप 'कु'कडे वळलं.

"ही लाल शाईतली कुणाची?" मुलीनं विचारलं. तिच्यावरही 'कुचेराबाई'च होतं.

बाई पहिल्यांदाच थोड्या ओशाळल्या. "हात तसाच जातो," त्या म्हणाल्या.

"सगळी बाद," मुलगी हळू म्हणाली. "फक्त एक धरता येतं." तिनं एक मतपत्रिका उचलली. काळ्या शाईत, स्वच्छ, ओळीवर: ट्रिक्सी कुचेरा.

"कोण हा वाघ?" व्हर्न म्हणाला.

केंट राडेमाखरनं दोन बोटं वर केली. शाळेत बाहेर जायला परवानगी मागताना करतात तशी.

"केंट्या! तू? अरे, तू तर विरोधात!"

"मी काय करू?" केंट जवळजवळ रडायलाच आला होता. "तिथं उभा राहिलो आणि मानेमागं खडूचा वास आला. स्वतःच्या नावावर काही खूण करवेना. मग म्हटलं लिहायचंच तर नीट लिहू, म्हणून भिंतीवरची सूचना वाचली. पहिलं नाव, आडनाव. बाई सांगायच्या ना, आधी सूचना पूर्ण वाचा."

बाईंनी चष्मा वर केला. "तिसरीतही तू एकटाच वाचायचास," त्या म्हणाल्या.

तर केंट निवडून आला. बाई हरल्या. लायल दोन दिवस दुकान उघडेना.

पुढच्या आठवड्यात मंडळाची बैठक शाळेच्या ग्रंथालयात भरली. केंटनं शपथ घेतली आणि सातव्या खुर्चीत बसला. समोर पहिल्या रांगेत बाई. मागे अख्खं गाव, लायलच्या कडेवर एक मुलगी, हाताशी दुसरी.

"शाळा बंद करावी, या बाजूचे?" अध्यक्षांनी विचारलं.

तीन हात वर गेले. केंटचा हात निघाला, कानापर्यंत आला, आणि तिथं त्यानं कान खाजवला. बराच वेळ खाजवला.

"चालू ठेवावी, या बाजूचे?"

तीन हात. मग केंटचा चौथा, अर्धवट, कोपरात वाकलेला. अध्यक्षांना तो हात आहे की नाही तेच समजेना.

"केंट," बाई मायेनं म्हणाल्या. "कोपर सरळ."

हात असा वर गेला, की बाहीचं बटण तुटून लायलच्या पायाशी आलं. त्याच्या मुलीनं ते उचललं. तिच्याकडे अजून आहे.

शाळा चालू आहे. कुत्रीला अजून शीळ घालूनच बोलावतात. पण तुम्हाला मी सोडणार नाही. तीनशेच्या वर माणसांनी आपल्या परीनं लिहिता येईल तेवढं मोठं नाव लिहिलं, आणि तुम्ही म्हणालात की ते नाव पुरं नाही. ठीक आहे. मग एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या तिसरीच्या बाईंचं पहिलं नाव काय?

लिहून कळवा. निळ्या किंवा काळ्या शाईत.