पोपटरावांचं पित्ताशय

पोपटराव शेडगे यांचं पित्ताशय २०१९ साली काढलेलं होतं आणि २०२२ साली ते पुन्हा जागच्या जागी होतं. विमा कंपनीच्या ठाण्यातल्या ऑफिसात ऋजुता नावाची मुलगी फाइल उघडून बसली होती आणि तिला हे काही केल्या कळत नव्हतं. बाकीची फाइलही फारशी कळण्यासारखी नव्हती.

"सर, तुमची उंची किती?"

"पाच सात."

"२०१८ मध्ये चार दहा लिहिलीय."

"टायपिंगची चूक असेल."

"असेल. पण त्याच रिपोर्टमध्ये सोनोग्राफी आहे. गर्भाशय वयोमानानुसार आक्रसलेलं, असं लिहिलंय."

पोपटरावांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलली आणि एका दमात रिकामी केली. ती बाटली ऋजुताची होती.

पोपटराव वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कंपनीत स्टोअरकीपर होते आणि येत्या ३१ मार्चला रिटायर होणार होते. त्याच दिवशी कंपनीने काढलेला आरोग्यविमाही संपणार होता. पुढे आजारपण आलं तर ग्रॅच्युइटीलाच हात लागणार, हे त्यांना कळत होतं, म्हणून त्याच विमा कंपनीकडे त्यांनी स्वतःच्या पॉलिसीचा अर्ज केला होता. अर्जात मधुमेहापुढे त्यांनी मोठ्या अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. हे खोटं नव्हतं. माणसाने आयुष्यात एकदाही रक्त तपासलं नसेल तर तो असंच लिहिणार.

तपासायची सोय नव्हती असं मात्र नाही. विमा कंपनी दरवर्षी प्रत्येक कर्मचाऱ्याला संपूर्ण तपासणीचं एक फुकट कुपन देत असे. तपासणी केंद्रावर कुपनावरचं नाव बघत, माणूस बघत नसत. आता चार हजारांची वस्तू स्वतःवर उधळेल तो पोपटराव कसला! पहिलं कुपन त्यांनी साहेबांच्या सासूबाईंना दिलं आणि रविवारची ड्यूटी कायमची चुकवली. दुसरं दिव्याला राहणाऱ्या मेव्हण्याला, म्हणजे मारुतीला दिलं आणि घरातलं सगळं वायरिंग फुकटात करून घेतलं. कोरोनाची दोन वर्षं कुपन आलं नाही; पुढचं सोसायटीचे सेक्रेटरी सीताराम चौबळ यांना गेलं आणि पोपटरावांच्या स्कूटरला डोंबिवलीत, जिथे माणसाला उभं राहायला जागा नाही तिथे, छपराखालचं पार्किंग मिळालं. त्यानंतर दोन वर्षं गिरणीवाला झाला. यंदाचं कुपन केटररला दिलं होतं, निरोपाच्या जेवणात गुलाबजाम वाढवून देण्याच्या बोलीवर.

सासूबाई, मारुती आणि चौबळ या तिघांनाही त्या तपासणीत साखर निघाली. तिघांनी मुकाट्याने औषधं सुरू केली, गोड सोडलं आणि तिघांचाही पोपटरावांवर जीव जडला. 'तुमच्यामुळे वेळेवर कळलं' असं म्हणत ते सणासुदीला पेढ्यांचे पुडे घेऊन येत. त्यांच्याकडे आलेलं गोडही ते पोपटरावांकडे पाठवत, कारण त्यांना स्वतःला ते चालत नव्हतं. दिवाळीत तिन्ही घरांची मिठाई एका पोपटरावांच्या पोटात जाई. आपल्या हुशारीचं हे व्याज आहे, असं ते कलावतीला सांगत.

कलावती त्यांची बायको. ती पोळीभाजीचे डबे द्यायची आणि त्यातून तिने चार वर्षांपूर्वी स्वतःची आरोग्य पॉलिसी घेतली होती. नवऱ्याचं नावही त्यातच घालावं म्हणून ती आठवडाभर त्यांच्या मागे लागली होती.

"एजंट म्हणतोय, तुमचा एक रक्ताचा रिपोर्ट लागेल. देऊन टाका ना."

"मला ऑफिसची आहे. उगाच रक्त कशाला काढू? आमच्या घराण्यात शुगर नाही."

"तुमच्या घराण्यात कुणी तपासलीय?"

असले प्रश्न पोपटरावांना उद्धट वाटत. कलावतीने एकटीच्या नावावर पॉलिसी घेतली. तेव्हापासून पोपटराव रात्री पाच वेळा उठू लागले, वर्षात दोनदा चष्म्याचा नंबर बदलला, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. वजन उतरल्याचा त्यांना अभिमानच होता. लोक त्यासाठी जिमला पैसे भरतात, असं ते म्हणत. गणपतीत नवी चप्पल लागून पायाच्या अंगठ्याला झालेली जखम मार्च उजाडला तरी भरली नव्हती. त्याबद्दल ते चपलेच्या दुकानदाराला शिव्या देत.

"सर," ऋजुता फाइलवर बोट ठेवून म्हणाली, "२०१९ मध्ये तुमची शुगर तीनशे बारा आहे. तुम्ही अर्जात 'नाही' लिहिलंत."

"ते माझं नाही."

"मग कुणाचं?"

पोपटरावांनी रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"कसंय सर, रिपोर्ट तुमचे असतील तर तुम्ही आजार लपवलात. तुमचे नसतील तर कंपनीचं कुपन तुम्ही दुसऱ्यांना दिलंत, मग मला तुमच्या एचआरला मेल टाकावा लागेल. काय लिहू?"

शहाण्या माणसाने इथे खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पोपटराव शहाणे नव्हते, हुशार होते. ते ताडकन उठले.

"लॅबवाल्यांचा घोळ आहे! दुसऱ्यांचे रिपोर्ट माझ्या नावावर चढवलेत. काय मॅडम, गर्भाशय आहे का मला? तुम्ही माझी पुन्हा तपासणी करा. आत्ता करा!"

"करू ना. पंचवीस तारखेला या, उपाशीपोटी. सोनोग्राफी पण करू," ऋजुता म्हणाली आणि रिकामी बाटली भरायला उठली.

बाहेर पडल्यावर पोपटरावांना स्वतःचं भारी कौतुक वाटलं. तरीपण, उगाच धोका नको म्हणून, आधी गुपचूप आपलं आपण बघून घ्यावं, असं त्यांच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घराजवळच्या लॅबमध्ये त्यांनी अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी रक्त दिलं. पैसे देताना हात जड झाला. संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. उपाशीपोटी साखर दोनशे शहाऐंशी, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा अकरा पूर्णांक चार.

"हे कुणाचं आहे?" त्यांनी काउंटरवर विचारलं.

"तुमचंच आहे, काका."

सवयीने त्यांचा विश्वास बसला नाही. लॅबवाल्याने त्याच कागदावर लाल पेनाने 'ताबडतोब डॉक्टरांना भेटा' असं लिहून दिलं.

कलावतीने कागद वाचला, मग त्यांचा पाय वर उचलून अंगठा बघितला आणि म्हणाली, "उद्याच हॉस्पिटलला चला. ऑफिसची पॉलिसी अजून आठ दिवस आहे. सगळं फुकटात होईल."

'फुकट' हा शब्द ऐकूनही पोपटराव हलले नाहीत, यावरून त्यांची अवस्था कळावी.

"वेडी आहेस का? आत्ता अ‍ॅडमिट झालो तर नोंद होईल. मग नवी पॉलिसी कोण देईल?"

"आणि पाय?"

"सहा महिने काही झालं नाही, आठ दिवसांत काय होतंय?"

त्यांनी दिव्याच्या मेव्हण्याला फोन लावला.

मारुती आला. सहा वर्षं वेळेवर औषध घेणारा, रोज चालणारा, पेढ्याला हात न लावणारा मारुती. पोपटरावांनी त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"मारुती, तुझी शुगर किती असते आता?"

"तीन महिन्यांची सरासरी सहाच्या आत, दाजी. डॉक्टर म्हणतो, असाच राहा."

"मग पंचवीस तारखेला माझ्या नावाने रक्त देऊन ये."

"अहो दाजी, तेव्हा शुगर माझी होती आणि नाव तुमचं."

"म्हणून तर! आता फेडून टाक."

"मी पण पॉलिसी घेतलीय ना. शुगर आहे म्हणून सरळ लिहिलं. हप्ता जरा जास्त बसला, पहिली तीन वर्षं शुगरचं काही मिळणार नाही बोलले. झाली की ती तीन वर्षं. तुम्ही पण खरं लिहून टाका."

"तुझा जीव कुणामुळे वाचला?"

उपकाराखाली दबलेला भला माणूस जे करतो तेच मारुतीने केलं. बाहेरून कलावतीने दार वाजवून सांगितलं, "मारुती, तू जाऊ नकोस!" पण ती त्याची बहीण होती आणि पोपटराव दाजी होते. पंचवीस तारखेला तो पोपटरावांचं आधार कार्ड घेऊन गेला. कार्डावरच्या फोटोत खुद्द पोपटरावही ओळखू येत नसत, त्यामुळे तिथे काही अडचण आली नाही.

एकोणतीस तारखेला ऋजुताचा फोन आला. पोपटरावांनी स्पीकर लावला, कलावतीलाही आपली हुशारी ऐकू यावी म्हणून.

"सर, तुमची शुगर एकदम छान आहे. पाच पूर्णांक आठ."

पोपटरावांनी बायकोकडे बघून मान हलवली.

"बीपी छान आहे. वजन अकरा किलोने वाढलंय, तेही ठीक आहे. एकच विचारायचं होतं."

"विचारा ना मॅडम."

"पित्ताशय पुन्हा गेलं का, सर?"

मारुतीचं पित्ताशय सात वर्षांपूर्वी खड्यांमुळे काढलं होतं, आणि २०२२ सालचं जे जागेवर होतं ते चौबळांचं होतं. सगळा विचार केला होता, रक्ताचा केला होता, आधारचा केला होता. सोनोग्राफी म्हणजे पोटाचा फोटो, त्यात पोट मारुतीचंच येणार, एवढं साधं त्या डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे १९ ला नव्हतं, २२ ला आलं, आता परत नाही," ऋजुता शांतपणे म्हणाली. "अर्ज नामंजूर झालाय, सर. खोटी माहिती, असं कारण लिहावं लागलं. तुमच्या एचआरला कॉपी गेलीय."

"बघा," कलावती म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं. आता तरी चला हॉस्पिटलला. अजून दोन दिवस आहेत. ऑफिसची चालू आहे."

हा बाईचा तिसरा योग्य सल्ला होता आणि तोही वाया गेला. तीस तारीख पोपटरावांनी एचआरच्या दारात माफीनामा लिहिण्यात घालवली. एकतीसला निरोपाचं जेवण होतं. एचआरने भाषणात 'शेडगे यांचं आरोग्याबाबतचं औदार्य' असा उल्लेख केला आणि सगळं खातं फिदीफिदी हसलं. पोपटरावांनी रागाच्या भरात सहा गुलाबजाम खाल्ले. ते कुपनाच्या बदल्यात आलेले होते, सोडायचे कशाला?

दोन एप्रिलला सकाळी अंगठा काळा पडलेला दिसला आणि अंगात ताप होता. मारुतीने रिक्षा आणली, पोपटरावांना अक्षरशः उचलून आत बसवलं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने पाय बघितला, साखर बघितली, आणि कुणावरही न ओरडता सांगितलं की अंगठा काढावा लागेल, आज काढला तर पाऊल वाचेल.

"साधारण किती?" पोपटरावांनी विचारलं.

"एकच अंगठा."

"खर्च हो, डॉक्टर."

"दोन, सव्वादोन लाख धरा. शुगर आटोक्यात यायला किती दिवस लागतात त्यावर आहे."

पोपटराव पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने घाबरले. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यांचे डोळे भरून आले. अंगठ्यासाठी आले की ग्रॅच्युइटीसाठी, हे त्यांचं त्यांनाच माहीत. कलावतीने पदराने त्यांचं तोंड पुसलं. तिला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, पण हात तिने त्यांच्या कपाळावरून काढला नाही.

काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला. "आजी, पॉलिसी आहे का?"

"आहे. पण माझी आहे. यांचं नाव नाही त्यात."

"मग कॅश. पेशंटचं नाव सांगा."

तेवढ्यात स्ट्रेचरवरून पोपटरावांनी तिचा पदर ओढला. तापाने फणफणलेल्या त्या चेहऱ्यावर कलावतीच्या ओळखीचं जुनं तेज आलं होतं. त्यांनी तिला खाली वाकायला लावलं आणि कुजबुजले, "ए, ऐक ना. फाइल तुझ्या नावाने काढायला सांग."

कलावतीने पदर सोडवून घेतला.

"सांगते," ती म्हणाली. "आणि अंगठा? तो पण माझाच कापायला सांगू का?"

मग ती काउंटरकडे वळली, 'पोपट शेडगे' असं नाव सांगितलं आणि पिशवीतून ग्रॅच्युइटीच्या खात्याचं चेकबुक काढलं.