सासूबाईंचं धनुष्य आणि माझा अभिप्राय

मंडळी, डोळे बांधून धनुष्य हातात द्या, त्याची कुंडली मांडून दाखवतो, असं मी गावभर सांगत असे! म्हणूनच आमच्या विस्कॉन्सिनमधल्या शिकारी मासिकाच्या संपादकानं, गॅरीनं, नवंकोरं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य पारखायला माझ्याकडे पाठवलं. तोवर मी शिकाऱ्यांच्या पायमोज्यांवर लिहीत होतो. हा लेख जमला, तर धनुष्यांचं सदर कायमचं माझं होणार होतं.

हरणांचा हंगाम तोंडावर आलेला. गॅरेजमध्ये धनुष्यांच्या काळ्या पेट्या एकावर एक रचलेल्या. वरची उचलली, परसात फोमचं हरीण उभं केलं आणि दोरी ओढली. काय सांगू! ओढायला सत्तर पौंडांचा जोर लागणारं धनुष्य, पण करंगळीनं ओढावं इतकं हलकं! हात अर्धवटच मागे गेला, त्याला मी 'आटोपशीर बांधणी' म्हटलं. बाण हरणाच्या खुरांपाशी रुतला, तो वाऱ्यामुळे. झाडाचं पान हलत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. 'आत्म्याशी हस्तांदोलन करणारं धनुष्य' असं लिहून लेख धाडला आणि पेटी माझ्या खोलीत ठेवली.

त्याच आठवड्यात आमच्याच घरी राहणाऱ्या माझ्या सासूबाई, ल्यूएला, अचानक गप्प झाल्या. दर हंगामात सगळ्यांआधी मचाणावर चढणारी ही बाई म्हणाली, आता शिकार बंद. पहाटेच्या अंधारात धनुष्य काढून पाहिलं, तर दोरी तसूभर हलली नाही म्हणे. डॉक्टरला खांदाही दाखवून आल्या. मला फार वाईट वाटलं. वयापुढे कुणाचं चालतं, असं मी त्यांना मोठ्या मनानं समजावलं.

शुक्रवारी सगळं गाव खानावळीत तळलेल्या माशांवर ताव मारत होतं. गॅरीनं माझा लेख मोठ्यानं वाचून दाखवला. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"जावईबापू, त्या धनुष्याच्या मुठीला निळी चिकटपट्टी होती का हो?"

"होती. कंपनीची खूण असेल."

"कंपनीची कसली? मी लावलीय ती. पस्तीस पौंडांचं माझं जुनं धनुष्य आहे ते. म्हणजे मी तुमचं ओढत बसले होते!"

खानावळ हसत सुटली. सासूबाई तर इतक्या खूश, की माझी बिअरही त्यांनीच संपवली. गॅरीनं विचारलं, मग नवं धनुष्य कसं आहे?

"मूठ बोटांना रुतते. म्हातारीनं ओढलं तर डॉक्टरचं घर भरतं. मला नको."

"हेच लिहून द्या," गॅरी म्हणाला.

सदर आता ल्यूएलाबाईंच्या नावानं निघतं. टाइप मी करतो आणि माझी विशेषणं त्या खोडतात. गेल्या अंकात एक त्यांच्या नजरेतून निसटलं. वाचकांनी तक्रार केली.