मध सोडलेली अस्वलीण आणि कड्यावरचं विद्यापीठ

एका जंगलात मध न खाणारी अस्वलीण राहत होती. हसू नका, बाळांनो. ती तसा नवस बोलली होती.

तिचं नाव भोकरबाई. नवऱ्याचं डिंकराव. आणि एकुलत्या एका लेकीचं चारोळी. चारोळी शिकण्याच्या वयाची झाली, तेव्हा भोकरबाई अंजनाच्या झाडाखाली गेली. तिथं शेंदूर लावलेला एक दगड होता. ती वनदेवी. भोकरबाईनं हात जोडले.

"आई, माझ्या पोरीला ओढ्याकाठच्या विद्यापीठात जागा मिळू दे. वर्षभर मधाला शिवणार नाही."

मग ती लेकीला घेऊन ओढ्यावर गेली. तिथं घोरपडबाई शिकवत. त्या एका दरडीवर उन्हात पाठ शेकत पडल्या होत्या. त्यांनी एक डोळा उघडला.

"आलीस? बस."

झाला प्रवेश. ओढ्याकाठी सगळ्यांनाच घेत. बेडकांना घेत, मुंगसांना घेत. एकदा तर पुरात वाहून आलेल्या ओंडक्याचंही नाव हजेरीत लागलं होतं. दोन महिने तो गैरहजर नव्हता.

दुसरी कुणी असती तर हळहळली असती. भोकरबाई मात्र वाटेत भेटेल त्याला सांगत सुटली, "बघा, देवीनं किती चटकन ऐकलं!" आणि तिनं खरोखरच वर्षभर मध खाल्ला नाही. डिंकराव तिच्याकडे पाठ करून मध चाटायचे. पाठ करायचे, इतका जीव होता त्यांचा तिच्यावर.

चारोळी मोहोळ उतरवायची विद्या शिकू लागली. पहिलं अख्खं वर्ष घोरपडबाई एकच गोष्ट शिकवत. दरडीला चिकटून राहायचं. दुसऱ्या वर्षी चढायचं. कानापापण्यांना ओढ्याचा चिखल कसा थापायचा, वारा कुठून आला की थांबायचं, मोहोळाचा शेवटचा तुकडा माश्यांना का ठेवायचा, सगळं दुसऱ्या वर्षी. तिसऱ्या वर्षी उतरायचं. नवस फिटला होता, लेक शिकत होती, घरात मध होता. सगळं छान चाललं होतं.

म्हणजे आता काहीतरी होणार, हे तुम्ही ओळखलंच असेल.

शेजारी साळूवहिनी राहत. सायाळच त्या, बोलल्या तरी टोचायच्या. एके सकाळी त्या आल्या आणि म्हणाल्या, "भोकरवहिनी, पेढे घ्या. आमच्या पुतणीला उत्तुंगनं नाकारलं!"

"अगंबाई! नाकारलं?"

"दोनदा!" साळूवहिनींचे काटे अभिमानानं उभे राहिले. "उत्तुंगनं नाकारायला दारापर्यंत जावं लागतं म्हटलं. तुमची चारोळी अजून ओढ्यावरच का हो? बेडकांबरोबर?"

उत्तुंग हे कड्यावरचं विद्यापीठ. पूर्वी ते हजारांतून तिघांना घेई. मग दोघांना घेऊ लागलं. यंदा म्हणे एकालाच घेणार होतं. दर्जा असा भराभर वाढत होता.

भोकरबाईच्या मनाला ते लागलं. आपल्या पोरीला कुणी साधं नाकारलंसुद्धा नाही! संध्याकाळी तिनं विषय काढला.

"चारू, तू उत्तुंगला गेलीस तर?"

खरं सांगायचं तर तिलाही कड्याची ओढ होती. वरून जंगल कसं दिसत असेल, असं तिच्या मनात कितीदा आलं होतं. पण ओढ्यावर तिच्या मैत्रिणी होत्या. आणि तिसरं वर्ष राहिलं होतं.

"इथली जागा सोडली आणि तिथं जमलं नाही, तर?" डिंकराव म्हणाले.

"अहो, शुभ बोला की जरा."

"मला ठरवता येत नाही गं आई," चारोळी म्हणाली. "थोडे दिवस दे."

पण भोकरबाईला दिवस देणं कुठलं जमायला! दुसऱ्या दिवशी पहाटेच ती अंजनाखाली जाऊन बसली. तिनं मनाशी हिशेब मांडला. सगळ्यांना मिळतं त्यासाठी एक वर्षाचा मध लागला. मग हजारात एकाला मिळतं त्यासाठी नुसता मध कसा पुरेल? तिनं डोळे मिटले.

"आई, उत्तुंगची निवड होईपर्यंत मध खाणार नाही. मधाचा वास घेणार नाही. मोहोळाकडे तोंडसुद्धा करणार नाही."

घरी येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा चारोळीचा चेहरा उतरला.

"आई, मला विचारायचंस तरी."

"देवीला विचारलंय ना!"

झालं. आता ठरवायला काही उरलंच नाही. आईनं मधाकडे पाठ फिरवलेली, आणि लेक म्हणणार की मला जायचं नाही? चारोळीनं घोरपडबाईंना जाऊन सांगितलं. बाईंनी दोन्ही डोळे उघडले. असं क्वचितच व्हायचं.

"जा की. बघून ये. पण उतरायचं अजून शिकवलेलं नाही मी, एवढं लक्षात ठेव. आणि चिखल घेऊन जा थोडा. वर मिळायचा नाही."

मायलेकी निघाल्या. वाटेत जिथं जिथं मोहोळ असेल तिथं भोकरबाई तोंड फिरवून उलटी चाले. दोनदा करवंदीच्या जाळीत पडली. पण नवस पाळला.

उत्तुंगचं फाटक इतकं मोठं होतं की दोन हत्ती जोडीनं आत गेले असते. पण ते बंद होतं. दाराशी एक तरस बसला होता. येणाऱ्याला पाहून हसणं, हेच त्याचं काम.

"ओढ्यावरच्या का?" तो हसत म्हणाला आणि फाटक जरासं लोटलं. "जा, जा. कुलगुरू बसलेत."

कुलगुरू होते चौशिंगे सर. बाकी सगळ्या हरणांना दोन शिंगं. यांना चार. त्यामुळे त्यांच्या विद्वत्तेबद्दल कुणाला शंका नव्हती.

"काय येतं?" सरांनी विचारलं.

"मोहोळ काढता येतं," चारोळी म्हणाली. "म्हणजे, चढून. उतरायचं तिसऱ्या वर्षाला आहे."

"आमच्याकडे उतरण्याचा विषयच नाही. इथं सगळे वरच असतात."

भोकरबाईनं धीर केला. "मोहोळाचं पुढचं काय शिकवता हो सर?"

"शिकवत नाही. ज्याला येतं त्यालाच घेतो."

"मग पोरं तीन वर्षं करतात काय?"

"निवडलेली असतात," सर म्हणाले.

भोकरबाईला हे फार थोर वाटलं. कळलं नाही, म्हणून जरा जास्तच थोर वाटलं.

परीक्षा सोपी होती. म्हणजे सांगायला सोपी. विद्यापीठाच्या मागे एक सरळसोट सुळका होता. त्याच्या माथ्याखाली आग्या माश्यांचं मोहोळ लटकत होतं. बारा वर्षं लटकत होतं. उत्तुंगच्या विद्यार्थ्यांनी ते खालून पाहिलेलं होतं आणि त्याबद्दल फार छान बोलत. ते काढून दाखवायचं.

चारोळीनं कानापापण्यांना चिखल थापला. भोकरबाईनं तिच्या डोक्यावरून पंजा फिरवला, आणि पाठ करून उभी राहिली. मोहोळाकडे तोंड करायचं नव्हतं ना!

बाळांनो, लेक कड्यावर आणि आई पाठमोरी. विचार करा.

"तरसभाऊ," भोकरबाई म्हणाली, "सांगा ना, काय करतेय ती?"

"चिकटलीय."

"आणि?"

"नुसती चिकटलीय. पालीसारखी." तरस हसला. मग जरा वेळानं म्हणाला, "अरेच्चा, चढतेय की." मग म्हणाला, "थांबली. वारा फिरलाय." मग मान उंच करून बघत राहिला. मग म्हणाला, "काढलं! एवढाल्ला तुकडा काखेत मारलाय. थोडा ठेवलाय मागे, माश्यांना."

भोकरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तरसाचं हसणं मात्र थांबलं होतं. तिला ते आवडलं नाही.

"आता काय?"

"आता... काही नाही. तिथंच आहे. वहिनी, एक पाय खाली सोडतेय आणि परत वर घेतेय."

आणि वरून हाक आली, "आई गं! कसं उतरू?"

भोकरबाईनं चौशिंगे सरांकडे पाहिलं. "सर, निवड झाली का हो? झाली म्हणा ना! म्हणजे मला वळता येईल."

"समिती बसल्याशिवाय नाही," सर म्हणाले. समितीत तिघे असत. सर एकटेच होते, पण तीन दगडांवर आळीपाळीनं बसून ते एकमत करत. ते पहिल्या दगडावर जाऊन बसले.

"आई!" पुन्हा हाक आली.

नवस मोडला की मागितलेलं हातचं जातं, असं भोकरबाईला तिच्या सासूबाईंनी सांगितलं होतं. तिनं जन्मात एकही नवस मोडला नव्हता. ती मनात म्हणाली, 'वनदेवी, तूही कुणाची तरी आई असशीलच.' आणि वळली. मोहोळाकडे चांगलं तोंड करून, मधाचा वास नाकात घेऊन, ओरडली,

"चारू! खाली बघू नकोस! लहानपणी मोहाच्या झाडावरून कशी उतरायचीस? आधी बूड, मग तोंड! डावा पाय सोड. आणखी खाली. तिथं खाच आहे बघ."

"सापडली!"

"आता उजवा. सावकाश गं माझी बाय. आता डावा."

एक पाय, दुसरा पाय. सर तिसऱ्या दगडावर बसेपर्यंत चारोळी खाली पोचली. अंगभर ओढ्याचा चिखल, काखेत मोहोळ. भोकरबाईनं तिला जवळ घेतलं आणि आधी एक धपाटा घातला. मग रडली.

"निवड झाली!" चौशिंगे सर गरजले. "एकमतानं. नियम दोनच. पहिल्या वर्षापासून सुरुवात. आणि ओढ्याचं नाव इथं काढायचं नाही."

भोकरबाई बघतच राहिली. नवस मोडला, आणि मागितलेलं तर मिळालं! म्हणजे देवीनं मधाकडे बघून दिलंच नव्हतं तर. मधाचं तिला काही पडलंच नव्हतं.

तिनं चारोळीच्या नाकावरचा चिखल पुसला.

"हे बघ चारू. यात माझा नवस आता नाही. मोडला तो. जायचं की राहायचं, हे तुझं तू ठरव. थोडे दिवस हवेत का?"

चारोळीनं कड्याच्या काठावरून जंगल पाहून घेतलं. छान दिसत होतं. अगदी मनात होतं तसं. मग ती म्हणाली, "सर, आभारी आहे. पण माझं तिसरं वर्ष राहिलंय. दर वेळी आई कुठून आणू खाली उभी करायला?"

अर्धं मोहोळ तिनं उत्तुंगच्या विद्यार्थ्यांना दिलं. मध गोड असतो, हे त्यांना तेव्हा कळलं. उरलेलं घेऊन मायलेकी घरी आल्या. भोकरबाईनं येताना वाटेतच दोनदा चाटलं.

गोष्ट इथं संपायची. पण साळूवहिनी कुठं गप्प बसतात?

"उत्तुंगला नाही म्हणाली? म्हणजे ओढा उत्तुंगहून वरचा असणार!"

आठ दिवसांत ओढ्यावर झुंबड उडाली. पुतणी आली. भाचरं आली. कुणी म्हणालं, एवढ्यांना घेतलं तर दर्जा राहील का? कुणी म्हणालं, फाटक हवं. दोघे तर बांबूही घेऊन आले. घोरपडबाईंनी एक डोळा उघडला. "फाटक घाला की. पण माझ्या उन्हात नको."

भोकरबाई पुन्हा अंजनाखाली गेली. या वेळी तिनं काही सोडलं नाही.

"आई, ओढ्याला फाटक लागू नये. त्यासाठी मी रोज एक बोट मध खाईन, आणि ओढ्यावर येईल त्याला एक बोट चाटवीन."

देवीनं ऐकलं असावं. बोट चाटून झालं की जो तो कौतुकानं आत जाऊन दरडीला चिकटायचा. बांबूंचा डिंकरावांनी बसायला माच केला. तरसभाऊ पहिल्याच आठवड्यात येऊन बसला. तो आता कमी हसतो.

उत्तुंगनं पुढच्या वर्षी कुणालाच घेतलं नाही. दर्जा पूर्ण झाला. चौशिंगे सर अजून वरच आहेत. त्यांना उतरता येत नाही. चारोळीचं तिसरं वर्ष संपलं, की ती त्यांना आणायला जाणार आहे.

तात्पर्य : जिथं आपल्याला घेत नाहीत, तेच विद्यापीठ उत्तम. जिथं घेतात, तिथं नाइलाजानं शिकावं लागतं.

आणि बाळांनो, ऐकलंत तसं करा. भोकरबाईचा शेवटचा नवस तुम्हीही बोला. एक बोट मध आपण खा, आणि दारात येईल त्याला एक बोट द्या.