काळ्या चौकटीतला पोलीस

रादोस्तिन कोलेव्हचा एक ठाम सिद्धान्त होता: पोलिसाचा वचक पहिल्याच दिवशी बसला पाहिजे. दुसऱ्या दिवशी बसतो तो नुसता पोलीस!

घरी तीन थोरल्या बहिणींनी त्याला आजवर कस्पटासमान लेखलं होतं. प्रशिक्षणातही कुणी त्याला भीक घातली नव्हती. आता मात्र पहिली नेमणूक! डोंगरातलं गोर्नो ब्रेस्तोवो, अख्ख्या गावाला तो एकटा पोलीस. निदान तिथे तरी लोकांनी आपल्याला टरकून असावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

म्हणून सामान हलवण्याआधीच त्याने गावच्या कचेरीत फोन लावला. कारकून त्सोंकाबाईंनी उचलला.

"बाई, माझा गणवेशातला फोटो पाठवतोय. खाली नाव मोठं, फोन नंबर त्याहून मोठा. आणि बारीक अक्षरांत, 'सोमवारपासून कामावर हजर'. गावभर चिकटवा!"

"रंगीत नाही हो निघणार. शाई संपून दोन वर्षं झाली."

"काळंपांढरं चालेल. चेहरा करारी दिसला म्हणजे झालं."

"दिसेल की! चौकट टाकू? आमच्याकडे तयारच आहे."

"टाका, टाका! चांगली जाड टाका!"

आता त्सोंकाबाईंच्या यंत्रातून वर्षानुवर्षं एकाच तऱ्हेचा कागद निघत आला होता. गावात कुणी वारलं की त्याचा फोटो, जाड काळी चौकट, खाली नाव. मग तो कागद बसथांब्यावर, विजेच्या खांबांवर, चर्चच्या फाटकावर. बाईंचा हात सवयीने चालला. शनिवारी संध्याकाळपर्यंत पन्नास रादोस्तिन नेमक्या त्याच जागी लागले. बारीक अक्षरं वाचायला गावात चष्मा आहे कुणाकडे?

रविवारी रादोस्तिन मामाचा टेम्पो घेऊन निघाला. टपावर गादी, मागे आईने दिलेल्या लोणच्याच्या बरण्या. वाटेत फोन वाजला. कायद्याचा माणूस! त्याने आधी टेम्पो कडेला घेतला.

"मी झ्लाटिनाआजी, ब्रेस्तोवोची. फार वाईट झालं रे बाळा!" पलीकडून हुंदका आला.

ही तर त्याची घरमालकीण! "शांत व्हा आजी. काय झालं?"

"आमचा नवा पोलीस गेला रे! यायच्या आधीच गेला! एवढा तरणाताठा!"

रादोस्तिनने टेम्पोचं इंजिन बंद केलं. आपल्याआधी आणखी कुणाला पाठवलं होतं? आणि तो मेलासुद्धा?

"कशाने गेला?"

"कुणाला ठाऊक! तू त्याचा भाऊ ना? नंबर दिलात ते बरं केलंत. खोली मी गुरांच्या डॉक्टरला देऊ का आता?"

"खोलीला हात लावू नका! मी पोहोचतोच!"

खून! पहिल्याच दिवशी खून! त्याला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. गादी फडफडवत टेम्पो डोंगर चढला.

आजींच्या अंगणात तीसेक माणसं काळ्या कपड्यांत उभी होती. मेजावर साखर पेरलेले उकडलेले गहू, मेलेल्याच्या नावाने वाटतात ते. रादोस्तिनने टोपी नीट केली, खाली उडी मारली आणि ओरडला,

"कुणी जागचं हलायचं नाही! प्रेत कुठंय?"

तीस माणसांनी एकदम छातीवर क्रूसाची खूण केली.

"अगं बाई, हाच की तो!" आजी किंचाळल्या. रादोस्तिनने दारावर चिकटवलेल्या कागदाकडे पाहिलं. जाड काळ्या चौकटीतून तोच त्याच्याकडे करारी नजरेने बघत होता.

"मी विचारलं होतं हं!" गर्दीतून त्सोंकाबाई म्हणाल्या. "हेच म्हणाले, चांगली जाड टाका!"

आजींनी त्याचा दंड चाचपून खात्री करून घेतली. त्यांच्या हातात सहा फुलं होती, कारण मेलेल्याला सम संख्येतच वाहतात. त्यांनी एक काढून बाजूला ठेवलं आणि उरलेली पाच त्याच्या हातात कोंबली.

"घे. आता जिवंताची झाली. आणि बस खायला, गहू वाया कशाला घालवायचे?"

अशा रीतीने रादोस्तिन कोलेव्ह स्वतःच्या तेराव्याला पोटभर जेवला.

पण गडी हार मानणारा नव्हता. सोमवारी सकाळी तो नाक्यावर ताठ उभा राहिला. मिंकोआजोबांची खटारा गाडी आली, पुढचा एक दिवा फुटलेला. त्याने कर्कश शिट्टी फुंकली.

"कागदपत्रं!"

आजोबा उतरले. त्याच्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले.

"तूच ना रे तो? अरे लेका, काल मेणबत्ती लावली तुझ्यासाठी! घास उतरेना मला!"

त्यांनी त्याला कडकडून मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि फुटक्या दिव्यासकट निघून गेले.

मागे आणखी चार गाड्या आपणहून थांबल्या होत्या. दारं उघडून माणसं उतरत होती.

रादोस्तिनने शिट्टी खिशात टाकली आणि गाल पुढे केला.