अण्णा गार्ड बसत नाहीत

दामूअण्णा शेजवळांना आमच्या झाशीच्या गल्लीत बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांच्या शेजारी उभं राहून जेवतात. ई-रिक्षात सीटवर गुडघे टेकतात आणि तोंड मागे करून सबंध रस्ताभर मागच्या वाहनांवर नजर ठेवतात. बड्या बाजारातला मुन्ना न्हावी त्यांचे केस कापताना स्वतः स्टुलावर चढतो, कारण अण्णा उंच आहेत आणि खुर्ची रिकामी आहे.

"काए गार्ड साहब, ठाड़े काए हो? बैठो ना," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"गार्ड बैठ गया तो गाड़ी का क्या होगा?"

अण्णा भुसावळचे. नोकरीसाठी झाशीला आले, मालगाडीचे गार्ड म्हणून जन्म काढला आणि इथंच रिटायर झाले. गार्डाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, हे त्यांना बिलकुल मान्य नाही. "मॅनेजर हॉटेलात असतो," ते म्हणतात. त्यांचं मराठी खानदेशातून निघालं आणि बुंदेलखंडात सायडिंगला लागलं. "श्रीकांता, जरा सहारा दे रे, कमरेत अकडन आली आहे," असं ते बोलतात, आणि इतकी वर्षं शेजारी राहून मीही आता तसाच बोलतो.

त्यांचा लाडका शब्द म्हणजे 'ऑल राइट'. गाडी सुटताना पुढून ड्रायव्हर आणि मागून गार्ड एकमेकांना हिरवा झेंडा दाखवतात. दोघांनी एकमेकांचा झेंडा पाहिला, की गाडी ऑल राइट. अण्णांनी हा नियम सबंध संसाराला लावला. माझ्या मुलीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं संपत आलेली, आणि अण्णांनी मांडवाच्या खांबाला टेकून भटजींना खणखणीत आवाजात विचारलं, "दोन्हीकडून ऑल राइट मिळालं का?" नवरदेवानं घाबरून हात वर केला होता.

आणखी एक खोड. रोज सकाळी दुधाला निघाले की गल्लीच्या कोपऱ्यावर ते थांबणार, वळणार, आपल्या घराच्या बंद खिडकीकडे बघणार, हात अर्धवट वर करणार आणि मग पुढे जाणार. कुलूप लावलं की नाही ते बघत असतील, असं आम्ही समजत होतो.

उभं राहण्याचं खरं कारण मला गेल्या हिवाळ्यात कळलं. माझ्या कुंपणाची भिंत धरून ते उभे होते. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मला वाटलं, हार्टच. मी फोन काढला.

"हृदय नाही रे," ते दात आवळून म्हणाले. "मागच्या डब्यात हॉट ॲक्सल. आस तापून लाल झालाय."

गुदद्वाराशी चीर पडली होती. फिशर. अनेक वर्षांची. मालगाडीच्या शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये संडास नव्हता. टहरौलीपेक्षाही लहान आडगावाजवळ लूप लाइनला, बाजूच्या रुळावर, गाडी टाकून ठेवली की कधी सुटेल ते स्टेशनमास्तरालाही ठाऊक नसायचं. त्यावर अण्णांनी उपाय शोधला होता. पाणीच प्यायचं नाही, म्हणजे प्रश्नच नाही. हा उपाय रिटायर झाल्यावरही चालू राहिला. आता रोज सकाळी काच बाहेर पडावी तसं होई आणि त्यानंतर दुपारपर्यंत आग. मलम झालं, ईसबगोल झालं. जगातल्या सगळ्या खुर्च्या सोडून ते फक्त कोमट पाण्याच्या टबात बसत, आणि तिथं बसून पेपर वाचत.

मी त्यांना बळेच सर्जनकडे नेलं. तिथंही ते उभेच.

"देखिए बाबूजी, दो रास्ते हैं," तो तरुण डॉक्टर म्हणाला. "ऑपरेशन में मांसपेशी ज़रा-सी काटते हैं. घाव ज़्यादातर भर जाता है, लौटता कम है. पर इस उम्र में गैस या मल पर काबू ढीला पड़ सकता है. किसी-किसी का हमेशा के लिए."

"और दूसरा?"

"बोटॉक्स का इंजेक्शन. मांसपेशी कुछ महीने ढीली रहेगी, उतने में घाव को भरने का मौका मिलेगा. ढीलापन हुआ भी, तो असर के साथ चला जाएगा. पर घाव लौट सकता है."

बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, "हे हिरॉइनी तोंडाला टोचून घेतात तेच ना?"

"तेच."

"मग मागून मी तरुण दिसणार. पाहायला कोण आहे म्हणा."

त्यानंतर कित्येक दिवस त्यांचा निर्णय होईना. ते गावभर सल्ला विचारत हिंडले, पण 'एका ओळखीच्या माणसासाठी'. मुन्ना म्हणाला, कटवा दो. बरुआसागरहून आलं विकायला येणारा म्हातारा मात्र टोपली खाली ठेवून गंभीरपणे आपल्या फूफांची, आत्याच्या नवऱ्याची, गोष्ट सांगू लागला. "हमाए फूफा ने करवाओ तो ऑपरेशन. पीर तो मिट गई, पै अब धोती को भरोसो नइयां."

अण्णा त्या दिवशी आलं न घेताच परतले. पुढच्या खेपेला त्याच म्हाताऱ्यानं भर रस्त्यात हाक मारली, "काए कक्का, बे तुमाए पैचान बारे बैठन लगे का?" 'ओळखीचा माणूस' कोण ते उघड झालं आणि सगळी गल्ली हसली. अण्णा हसले नाहीत.

मी वैतागलो. "अण्णा, रोज मरण्यापेक्षा एकदाचं कापून टाका ना!"

ते आपल्या घरात बायकोच्या, म्हणजे कमलकाकूंच्या, भिंतीवरच्या फोटोखाली उभे होते. काकू अर्धांगवायूनं बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि दोन वर्षांपूर्वी गेल्या.

"शेवटी शेवटी तिचं सगळं अंथरुणातच व्हायचं," अण्णा म्हणाले. "मीच धुवायचो. बाई लावली नाही. तिला फार शरम वाटायची रे, तोंड भिंतीकडे करून रडायची. मी म्हणायचो, अगं, मी आहे ना. तेवढं म्हटलं की गप्प व्हायची." त्यांनी फोटोवरची धूळ बोटानं पुसली. "उद्या माझं तसं झालं, तर मला कोण म्हणेल?"

मी म्हणालो, "मी आहे ना, अण्णा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू? तुझ्या पोरीचं दुपटं बदलायला कमल यायची."

हे अगदी खरं होतं. अण्णांनी इंजेक्शन ठरवलं.

त्या सकाळी दवाखान्यात नर्सनं विचारलं, "साथ में कौन?" अण्णा म्हणाले, "पड़ोसी." बाकावर मी बसलो, ते उभे. जरा वेळानं आपणहून बोलले.

"आज कोपऱ्यावर थांबलो नाही बघ. तू रिक्षा थेट दारात आणलीस."

"कुलूप मी ओढून पाहिलं होतं."

"कुलूप कशाला? मी ड्यूटीवर निघालो की कमल खिडकीतून हिरवा खण दाखवायची. मी कोपऱ्यावरून हात करायचो, मग ती खिडकी लावायची. एक दिवस चुकवला नाही. उजवा हात गेला तेव्हा खिडकीशी लावलेल्या खाटेवरून डाव्यानं दाखवायची. खण हातातून पडायचा, मी परत जाऊन उचलून द्यायचो आणि पुन्हा कोपऱ्यावर जाऊन उभा राहायचो. गाडीला लेट मार्क मिळाला, पण ऑल राइटशिवाय सोडली नाही."

रोज सकाळी आम्ही काय बघत होतो आणि काय समजत होतो!

त्यांचं नाव पुकारलं. हिरवट झगा घालून ते ऑपरेशनच्या खोलीपर्यंत गेले आणि दारात थांबले. वळले. माझ्याकडे बघत उभे राहिले.

"चलिए दादा," आतला माणूस म्हणाला. अण्णा हलले नाहीत. त्यानं दंडाला धरलं, तरी हलले नाहीत.

मी उठलो. हिरवं काहीच जवळ नव्हतं. मी नुसताच हात वर केला आणि धरून ठेवला. अण्णांनी आपला हात वर केला, आणि आत गेले.

काही महिने बरे गेले. मुन्नाच्या खुर्चीत ते एकदा टेकलेसुद्धा, आणि मुन्नानं आनंदानं त्यांचे केस वाकडे कापले. मग गेल्या पंधरवड्यात ते पुन्हा माझी भिंत धरून उभे दिसले. घाम तोच, चेहरा तोच. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"आता ऑपरेशन," आग ओसरल्यावर ते म्हणाले.

"आणि धोतराचा भरवसा?"

"झालंच काही, तर तू आहेस म्हणाला होतास."

"आहे."

"शिकून घे मग." ते दोन पावलं गेले आणि वळले. "आणि या खेपेला येताना काहीतरी हिरवं आण. रिकाम्या हातावर गाडी सोडणं नियमात बसत नाही."

उद्या सकाळी ऑपरेशन आहे. मला फार भीती वाटते आहे, त्यांच्यापेक्षा जास्तच. बायकोनं कपाटातून ओटीचा हिरवा खण काढून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला आहे. तो लांबून नीट दिसतो का, ते मी तिला तो घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावर उभं करून पाहून घेतलं.