पान सातवरचं स्थळ

जळकोटच्या कुलदीप बब्रुवान लोमटे याचं शिवप्रियावर प्रेम होतं. शिवप्रिया अस्तित्वात नव्हती. एवढी एक बाब सोडली, तर स्थळ चांगलं होतं.

कुलदीपचं वय चौतीस. बायोडाट्यात एकोणतीस. नऊ एकर रान, रानात विहीर, विहिरीला पाणी. तोंडाला सुपारीसुद्धा माहीत नाही. गेल्या सहा वर्षांत त्यानं सत्तावीस मुली पाहिल्या होत्या. सत्तावीसही ठिकाणी पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या बापानं रान किती, पाणी किती, भाऊ किती हे विचारून घेतलं आणि गाडीपर्यंत सोडायला आल्यावर, सहज आठवल्यासारखं, "बाकी मुलगा करतो काय?" असं विचारलं. "शेती" हे उत्तर ऐकून सत्तावीसही बाप एकच शब्द बोलले.

"कळवतो."

कळवलं एकानंही नाही.

शिवप्रिया त्याला ग्रामसभेत भेटली. तुळजापूरच्या 'शेतकरी प्रबोधन व मृदा उद्बोधन कक्षा'नं त्या दिवशी एक सोळा पानी रंगीत पुस्तिका फुकट वाटली होती. शिवप्रिया नावाची एक काल्पनिक मुलगी शेतीची पदवी घेऊन गावी परतते, अशी तिच्यात चित्रकथा होती. पान तीनवर ती मातीचा नमुना घेते. पान पाचवर बापाला युरिया कमी टाकायला सांगते. आणि पान सातवर पदर खोचून, हातात खुरपं घेऊन सगळ्या गावासमोर जाहीर करते :

"मी लग्न करीन, तर शेतकऱ्याशीच!"

कुलदीपनं ते वाक्य चार वेळा वाचलं. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून भांडण लागलं होतं, ते त्याच्या कानावर आलं नाही. असं वाक्य कुठल्याही मुलीच्या तोंडून त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. आणि इथं तर ते सरकारी कागदावर, उद्गारचिन्हासकट होतं.

घरी येऊन त्यानं पुस्तिका आईपुढं ठेवली. "आई, मुलगी बघितलीय."

लक्ष्मीबाईंनी पान उजेडाकडं धरलं. "नाकीडोळी झाक हाय. पर खुरपं उलटं धरलंय."

"शिकवीन की म्या."

"चित्रातली हाय व्हय रं?"

"व्हय."

बब्रुवान अण्णांनी चष्मा लावला. सहा वर्षं सोयरिकीसाठी हिंडून त्यांच्या चपलांचे तीन जोड झिजले होते. त्यांनी मुलगी नीट पाहिली आणि महत्त्वाचं तेवढं विचारलं.

"पावणे कुठले?"

"ते छापलेलं न्हाय, अण्णा."

"जात?"

"ती बी न्हाय छापली."

"मग जमायचं कसं?"

मुलगी अस्तित्वात नाही, यावर मात्र घरात कुणीच हरकत घेतली नाही. सत्तावीस मुली अस्तित्वात होत्या. त्याचा काय उपयोग झाला होता?

पण रीत ती रीत. मागणी घालायची ती बापाकडं. शिवप्रियाचा बाप पान पाचवर होता, पण चित्रकारानं तो पाठमोरा काढलेला. त्याच्याशी बोलणार काय? शेवटच्या पानावर मात्र बारीक अक्षरात एक ओळ होती : 'पुस्तिकेतील सर्व पात्रांचे सर्व हक्क कक्षाकडे राखीव.' अण्णांनी ती बोट ठेवून दोनदा वाचली.

"झालं की! पालक घावलं."

*

प्रति,
मा. कक्ष प्रमुख, तुळजापूर.
विषय : आपल्या ताब्यातील कु. शिवप्रिया (पान ७) हिला मागणी घालणेबाबत.
अर्जदार : कुलदीप बब्रुवान लोमटे, रा. जळकोट.
महोदया, वरील विषयी विनंती अर्ज करतो की, मुलगी आम्हांस पसंत आहे. देण्याघेण्याचे काही नाही. तरी आपला होकार मिळावा, ही नम्र विनंती.

*

आवक खिडकीवर बसवराज नावाचा लिपिक होता. त्यानं अर्ज वाचला नाही; अर्ज वाचणं हे त्याच्या टेबलाचं काम नव्हतं.

"सातबारा जोडला?"

"जोडलाय."

"आधार कार्ड?"

"माझं जोडलंय. तिचं न्हाय."

"तिचं आमच्याकडं बघावं लागंल," असं म्हणून बसवराजनं शिक्का मारला.

अर्जातली गोष्ट अशक्य आहे, एवढ्या कारणावरून तो परत करण्याची तरतूद कक्षात नव्हती. तशी असती तर कक्षाच्या निम्म्या योजना बंद पडल्या असत्या. अकराव्या दिवशी पत्र आलं :

त्रुटी १ : अर्जदार हयात असल्याचा दाखला नाही. (मुलीस ही अट लागू नाही.)
त्रुटी २ : अर्जदार व मुलगी एकमेकांचे सख्खे अथवा चुलत नातेवाईक नसल्याचा पोलीस पाटलांचा दाखला नाही.
त्रुटी ३ : अर्जदाराचे छायाचित्र मुलीच्या छायाचित्राशी जुळत नाही. हाताने काढलेले रंगीत जोडावे.

पहिला दाखला ग्रामपंचायतीनं दिला. दुसऱ्यासाठी पोलीस पाटलांनी पुस्तिका दोनदा चाळली आणि "आपल्यातली वाटत न्हाय," असं म्हणून सही केली. चित्र शाळेतल्या गुरुजींनी काढलं. त्यांनी मिशी जरा जास्तच दिली. त्या मिशीला शोभावं म्हणून कुलदीपनं खरी मिशी वाढवायला घेतली.

मिशी जमेपर्यंत पाहणी समिती आली. जीपमधून कक्ष प्रमुख मंजुषा मॅडम उतरल्या, मागून फाईल घेऊन बसवराज. लक्ष्मीबाईंनी मॅडमना कुंकू लावलं, पोहे ठेवले. मॅडमनी नियमाप्रमाणं न्हाणीघर पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं, गोठ्याकडं नुसतं लांबून पाहिलं.

"मुलीला रानात जावं लागेल का, काकू?"

लक्ष्मीबाई गोंधळल्या. "तीच म्हणलीय की, ताई. पान सातवर."

"अहो, ते म्हणायचं असतं."

विहीर पाहून झाली. बसवराजनं 'पाणी मुबलक' असं लिहून घेतलं. अण्णा गाडीपर्यंत सोडायला गेले. जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून, सहज आठवल्यासारखं, मॅडमनी विचारलं :

"बाकी मुलगा करतो काय?"

जीपशेजारी कुलदीप उभा होता. सहा वर्षांत या प्रश्नाची त्याला इतकी सवय झाली होती, की पुढचा शब्द त्याला आधीच ऐकू येऊ लागला.

"शेती, मॅडम. अर्जात हाय की."

"मग अवघड आहे. शेतकऱ्याच्या घरात आमची शिवप्रिया कशी द्यायची?"

"तिनंच म्हणलंय, शेतकऱ्याशीच करीन म्हणून! तुमीच छापलंय!"

"पुस्तिका शेतकऱ्यांनी वाचायची असते. शेतकऱ्याला द्यायची ती पुस्तिका. मुलगी नव्हे."

अण्णांना राहवलं नाही. "मॅडम, तुमी शेतीच्याच खात्यात हाव न्हवं?"

"म्हणून तर," मॅडमचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी स्वतः शेतकऱ्याची मुलगी आहे, अण्णा. माझ्या आईच्या पाठीला विचारा."

जीप सुरू झाली. खिडकीतून बसवराजनं मान बाहेर काढली.

"कळवतो."

*

कुलदीपनं दोन दिवस पुस्तिका उघडली नाही. खऱ्या मुलींचं तो समजू शकत होता. त्यांना पाठी होत्या, त्या दुखल्या असत्या. पण शिवप्रिया कागदाची होती. तिला ऊन लागणार नव्हतं, तिच्या तळव्यांना भेगा पडणार नव्हत्या. तीसुद्धा शेतकऱ्याला मिळणार नसेल, तर मग कोण मिळणार होतं?

तिसऱ्या दिवशी बसवराजचा फोन आला. "कुलदीपराव, पोहे लई झकास होते म्हणून सांगतो. नोकरी दाखवा. कसली बी. फाईल म्या सरकवतो."

"अन् रान?"

"पोरगी पायजे का रान?"

कुलदीपनं रान शेजारच्या बंडप्पाला बटईनं दिलं. पीक निम्मं निम्मं. बैलजोडी विकली. बैल टेंपोत चढताना अण्णा देवळात जाऊन बसले. महिन्याभरात कुलदीप तामलवाडीला एका गोदामावर रखवालदार झाला : कंत्राटी, अकरा महिन्यांसाठी, निळ्या गणवेशात. गोदाम त्याच कक्षाचं होतं आणि गोदामात काय होतं? न वाटलेल्या पुस्तिका. छपरापर्यंत रचलेले गठ्ठे. प्रत्येक प्रतीच्या पान सातवर शिवप्रिया एकच वाक्य म्हणत उभी. इतक्या मुली आपल्याशी लग्नाला तयार आहेत, हे पाहून नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याचे डोळे भरून आले.

नोकरीचा दाखला जोडताच फाईल पळू लागली. मॅडम स्वतः पेढे घेऊन जळकोटला आल्या. "आता कसं! मुलगा नोकरीला असला की आई-बापाला घोर नाही." तारीख निघाली. लक्ष्मीबाईंनी हिरवं लुगडं आणलं आणि ब्लाऊजचं माप म्हणून पुस्तिका शिंप्यापुढं ठेवली.

"पाठ किती घ्यायची?" शिंप्यानं विचारलं.

"पाठ दावलेली न्हाय. अंदाजानं घ्या. पोरगी कामाची हाय, जरा सैल ठेवा."

मांडवाला चार दिवस उरले असताना शेवटचं पत्र आलं :

'मुलीच्या संमतीशिवाय विवाह लावता येत नसल्याने कु. शिवप्रिया हिचे म्हणणे (पान ७) तपासण्यात आले. ती केवळ शेतकऱ्याशीच विवाह करू इच्छिते. आपण नोकरदार आहात. सबब, मुलीने आपणांस नकार दिला आहे. मुलीच्या इच्छेविरुद्ध जाणे कक्षास शक्य नाही.'

कुलदीप गणवेशातच तुळजापूरला पोचला.

"म्या शेतकरीच हाय, बसवराज!"

"दाखला नोकरीचा जोडलाय ना?"

"नोकरी सोडतो."

"मग मॅडम देणार न्हाईत."

"मग नोकरी ठेवतो."

"मग ती करणार न्हाय."

फाईल मिटून बसवराजनं स्वतःच्या खिशातून चहा मागवला. त्या कार्यालयात ही गोष्ट फाईल सरकण्याहून दुर्मीळ होती. "पोरगी मात्र चांगली होती," तो म्हणाला. "मोठं मन होतं."

पुन्हा असा अर्ज येऊ नये म्हणून कक्षानं दुसरी आवृत्ती काढली. तिच्यात पान सातवर शिवप्रिया काहीच बोलत नाही, नुसती हसते. खुरपं अजून उलटंच आहे. पहिल्या आवृत्तीचे सगळे गठ्ठे लगद्यासाठी रवाना झाले. ते मोजून देण्याचं आणि पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करण्याचं काम रखवालदाराचं होतं. एक प्रत कमी भरली. 'उंदरांनी खाल्ली असावी,' असा शेरा कुलदीपनं स्वतःच्या हातानं लिहिला.

अकरा महिने संपल्यावर तो गणवेश जमा करून घरी आला. रानाचं बोलणं काढायला बंडप्पाच्या दारात गेला, तर बंडप्पानं पोराचं लग्न ठरल्याचा पेढा पुढं केला. मुलीकडच्यांना रान, स्वतःचं आणि कुलदीपचं मिळून, अठरा एकर सांगितलं होतं आणि पोरगा पुण्यात नोकरीला.

"लगीन होईस्तवर रान ऱ्हाऊ दे माझ्याकडं," बंडप्पा म्हणाला. "पुढचं कळवतो."

*

जोडपत्र : वाचकांसाठी

१. कुलदीपचं वाईट वाटलं का? (हो / नाही)

२. 'हो' असल्यास : कुलदीप अस्तित्वात नाही, याची आपणांस कल्पना आहे का?

३. अस्तित्वात नसलेल्या माणसात आपला जीव असा किती दिवसांपासून गुंततो? घरच्यांना माहीत आहे का?

४. आपल्या घरात, भावकीत किंवा ओळखीत लग्नाची मुलगी आहे का?

५. उद्या चौतीस वर्षांचा, नऊ एकरवाला, निर्व्यसनी, शेती करणारा आणि अस्तित्वात असलेला एखादा कुलदीप आपल्या दारात आला, तर ती त्याला द्याल का? (उत्तर आत्ताच, इथंच लिहावं. 'कळवतो' हे उत्तर याआधी एकोणतीस वेळा देऊन झालं असल्यानं स्वीकारलं जाणार नाही.)