तिसरा आग्रह

"हाजी, काही आणू तुमच्यासाठी?" वेटरने विचारलं.

"नको, नको. पोट भरलंय," छातीवर हात ठेवून हाजी खलाफ म्हणाले.

"बरं," म्हणून वेटर निघून गेला.

हाजी खलाफ त्याच्या पाठीकडे बघतच राहिले. सोहागजवळच्या त्यांच्या गावात विचारणारा माणूस असा जात नाही. तो पुन्हा विचारतो, पाहुणा पुन्हा नको म्हणतो. मग तो तिसऱ्यांदा विचारतो, दंडाला धरून ओढतो, आणि पाहुणा 'आता तुम्ही ऐकतच नाही तर काय करणार' असा चेहरा करून जेवायला बसतो. भुकेने जीव चालला असला तरी पहिले दोन 'नको' म्हणायचेच असतात. आणि हा पोरगा पहिल्याच 'नको'त पसार झाला होता.

"'बरं' म्हणाला," ते बायकोला म्हणाले. "ऐकलंस? बरं!"

हाज्जा झन्नूबांनी नुसती मान डोलावली. त्यांच्या तोंडात कोळंबी होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची मुलगी वफा लेकीला मांडीवर घेऊन भात भरवत होती. तिने हे ऐकलं आणि घास लेकीच्या हनुवटीला लावला. या 'नको'पायीच तिचं माहेर दोन वर्षं तुटलं होतं. लग्नाच्या मेजवानीत तिच्या सासऱ्यांनी, उस्ताज फिकरींनी, व्याह्यांना दोनदा विचारलं होतं. उस्ताज फिकरी कैरोतल्या शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. भल्या माणसाला जास्त छळू नये म्हणून तिसऱ्यांदा न विचारता ते दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले. हाजी खलाफ पानावरून उठले ते थेट गावी गेले. त्यानंतर त्यांनी लेकीच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. नात झाली तेव्हा तिला बघायला ते रेल्वे स्टेशनवर आले, फलाटावरच तिचा मुका घेतला आणि त्याच गाडीने परत गेले.

म्हणून वफाच्या नवऱ्याने, हुसामने, हुरघाड्याच्या समुद्रकाठचं हे हॉटेल शोधून काढलं होतं. राहणं, खाणं, पिणं, सगळं एकदाच भरलेल्या पैशांत. "हॉटेल ना तुझ्या बाबांचं, ना माझ्या बाबांचं," तो म्हणाला होता. "इथे कोण कोणावर रुसणार?"

"काका, उठा," हुसाम आता सासऱ्यांना म्हणाला. "ताटली घ्या, हवं ते घ्या, हवं तेवढं घ्या."

"मी? माझ्या हाताने? ताटली घेऊन रांगेत उभा राहू?"

"सगळेच राहतात."

"मला एक सांग. या जेवणाचा यजमान कोण?"

हुसामने जरा विचार केला. "कंपनी."

"कुठे आहे ती? बोलाव. येऊन विचारू दे मला."

कंपनी काही आली नाही. हाजी खोलीत गेले आणि झन्नूबांनी गावाहून बांधून आणलेली भाकरी आणि जुनं चीज खाऊन झोपले.

वफाने संध्याकाळी हॉटेलच्या पोहण्याच्या तळ्याकाठी सासऱ्यांना गाठलं. "काका, आज बाबांना तुम्ही वाढा. आणि तीनदा विचारा. दोनदा नाही, तीनदा."

"अगं, दोनदा नको म्हणणाऱ्याला तिसऱ्यांदा विचारायचं म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणं झालं."

"तोच तर हवा असतो त्यांना!"

"विचारा हो," शेजारच्या खुर्चीतून मादाम करीमान, म्हणजे उस्ताजांच्या पत्नी, डोळे न उघडता म्हणाल्या. "चष्मा कुठे ठेवला ते मला दिवसातून वीसदा विचारता. व्याह्यांना तीनदा विचारायला काय होतंय?"

उस्ताज फिकरींना पटलं. आणि एखादी गोष्ट पटली की ती अर्धवट करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला ते स्वतः रांगेत उभे राहिले, भाजलेलं अख्खं बदक आणलं आणि हाजींच्या पुढ्यात ठेवलं. "घ्या, हाजी."

"नको, उस्ताज. भूक नाही."

"तुमच्यासाठी आणलंय. घ्या."

"खरंच नको. देव तुमचं भलं करो."

"आता मी ऐकणार नाही. घ्यायलाच हवं!"

झालं, तिसऱ्यांदा विचारून झालं. वफा खुर्चीत पुढे सरकली. बाबांचा हात मांडीवरून उठला, टेबलावर आला, बदकाच्या तंगडीच्या दिशेने निघालासुद्धा. पण उस्ताज आता रंगात आले होते. वाक्याचा शेवट दणदणीत हवा, असं त्यांनी मुलांना जन्मभर शिकवलं होतं. ते उभे राहिले आणि खास सोहागच्या थाटात गरजले, "माझ्यावर तलाक, हाजी! तुम्ही पहिला घास घेतल्याशिवाय अन्नाचा कण माझ्या तोंडात जाणार नाही!"

हात जागच्या जागी थांबला. शब्द मोडला तर बायकोला तलाक, अशी ही शपथ; ती कुणी घातली आणि समोरच्याने तशीच परतवली नाही, तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. हाजी खलाफही उभे राहिले. "माझ्यावर तलाक, उस्ताज! आधी तुम्ही घेतल्याशिवाय माझ्याही तोंडात जाणार नाही!"

हुसाम इंजिनिअर होता. त्याने बोटांवर हिशोब मांडला. "म्हणजे आता दोघांपैकी जो आधी खाईल, त्याची बायको..."

मादाम करीमाननी काटा खाली ठेवला. हाज्जा झन्नूबांनी ठेवला नाही.

"बदकासाठी?" मादाम करीमान म्हणाल्या. "माझा एवढ्या वर्षांचा संसार तुम्ही बदकाला लावलात?"

"बोलण्याच्या ओघात गेलं," उस्ताज पुटपुटले.

हुसामने तोडगा काढला. दोघांनी एकदम घास घ्यायचा, म्हणजे आधी कोणीच नाही. दोघांनी तंगड्या तोंडाजवळ नेल्या. हुसामने एक, दोन, तीन म्हटलं. तीनला दोघांनी तोंडं उघडली आणि उघडी ठेवूनच एकमेकांकडे बघत राहिले. पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा तेच. एवढ्यात पाहुण्यांची करमणूक करणारा पोरगा माइक घेऊन धावत आला. त्याला वाटलं ही खाण्याची शर्यत आहे. तो चार भाषांत आकडे मोजू लागला. शेजारच्या टेबलांवरचे रशियन आणि पोलिश टाळ्यांचा ठेका धरू लागले. दोघे आजोबा तंगडी हातात धरून, आ वासून, घामाघूम होऊन उभे. एका बाईने त्यांच्या मध्ये उभं राहून फोटोही काढून घेतला. बदक गार झालं आणि वेटर ते उचलून घेऊन गेला.

सकाळी दोघे न्याहारीला आले आणि नुसता चहा घेऊन समोरासमोर बसले. चहात साखर इतकी, की चमचा उभा राहावा. आता गावची भाकरीही चालत नव्हती. शपथ अन्नाच्या कणाची होती आणि तिला खोली नि जेवणघर हा फरक कळत नव्हता.

"हाजी, ही अंडी बघा तरी," झन्नूबा तिसरी ताटली घेऊन येत म्हणाल्या. "समोर उभं राहून करून देतात. मी म्हटलं कांदा घाल, त्याने घातला. म्हटलं अजून घाल, अजून घातला! तोंड वाकडं केलं नाही."

"गप्प बस. तुझ्यासाठीच उपाशी आहे मी."

"माझ्यासाठी? शपथेत माझं नाव घालताना मला विचारलं होतंत? एकदा तरी?"

हाजींनी चहात आणखी साखर घातली.

वफाला रडू येत होतं. बाबा एकदाचे आले होते, एका टेबलावर बसले होते, आणि आता हे असेच उपाशी परत गेले तर पुन्हा फलाटावरही येणार नव्हते. तिने लेकीला कडेवर घेतलं, हॉटेलमागच्या मशिदीत गेली आणि शेख मितवल्लींना घेऊन आली.

शेखांनी सगळं ऐकलं, दाढीवरून हात फिरवला आणि उसासा टाकला. "सुट्ट्या लागल्या की हे सुरू. परवा एकाने कलिंगडावरून शपथ घेतली." मग दोघांकडे बघून म्हणाले, "संसार मोडायचा होता का तुम्हाला?"

"तोबा, तोबा!" दोघे एकदम म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी एकदम आणि शेवटपर्यंत केलं होतं.

"मग तलाक होत नाही. पण शपथ मोडायची तर प्रायश्चित्त आहे. प्रत्येकाने दहा गरजू माणसांना पोटभर जेवू घाला. हॉटेलचं नव्हे, तुमच्या खिशातलं. मग खुशाल खा."

हाजी खलाफांच्या अंगात जीव आला. माणसं जेवू घालायची! हे तर त्यांचं राज्य. "झन्नूबा!" त्यांनी हाक मारली. "ऊठ. मोठं पातेलं मिळतं का बघ. वीस माणसांचा मटण-भाताचा फत्ता करायचाय."

हाज्जा झन्नूबा काळा झगा पोटऱ्यांपर्यंत उचलून तळ्यात पाय सोडून बसल्या होत्या. त्या हलल्या नाहीत. "शपथ कोणी घेतली?"

"मी."

"मग फत्ता कोण करणार?" त्यांनी मनगट वर केलं. त्यावर हॉटेलचा निळा पट्टा होता. "यावर लिहिलंय, गुरुवारपर्यंत हिने कामाला हात लावायचा नाही."

"तुला कुठे वाचता येतं?"

"येत नाही. पण तेच लिहिलं असणार."

"माझ्याही पट्ट्यावर तेच आहे," मादाम करीमान म्हणाल्या. "आणि मला वाचता येतं."

हुसामने दोघांच्या पैशांनी बाजारातून मटण, तांदूळ, पाव आणला. हॉटेलच्या धुलाईखान्यामागच्या अंगणात चूल मिळाली. आणि हाजी खलाफ व उस्ताज फिकरी आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकाला बसले. दोघी विहिणी छत्रीखाली खुर्च्या टाकून देखरेख करत होत्या. हाजींनी लसूण सालांसकट ठेचला. उस्ताज कांद्याला रडत रडत बायकोला म्हणाले, "रोज असं रडत होतीस का गं?"

"तुम्ही आतल्या खोलीत पेपर वाचायचात. कसं दिसणार?"

"सुरी उलटी धरलीय, हाजी," झन्नूबा म्हणाल्या आणि सरबताचा घोट घेऊन खुर्चीत मागे रेलल्या.

दुपारी पाळी संपली तशी धुलाईवाले, माळी, सफाईवाले गोळा झाले. बहुतेक सगळे सोहाग आणि शेजारच्या केनाकडचे. घरी पैसे पाठवून स्वतः पावावर दिवस काढणारे. पातेल्याचं झाकण उघडलं. लसूण आणि व्हिनेगरचा वास अंगणभर सुटला. आणि एकूण एक माणूस छातीवर हात ठेवून म्हणाला, "नको, हाजी. आत्ताच जेवलो."

हाजी खलाफांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते वफाने त्यांच्या हजहून परतण्याच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "कुठे जेवलास? बस!"

"खरंच नको, हाजी."

"बसतोस की नाही? माझ्यावर त—"

"हाजी!" छत्रीखालून आवाज आला.

"माझ्यावर मेहरबानी कर आणि बस," हाजी म्हणाले. तो बसला. मग एकेक करून सगळेच 'आता काय करणार' असा चेहरा करून बसले, आणि पातेल्यावर तुटून पडले.

उस्ताज फिकरीही वाढत होते. एका धुलाईवाल्याला त्यांनी दोनदा विचारलं. तो दोनदा नको म्हणाला. सवयीने उस्ताज पुढे सरकले, आणि पळी भरण्यासाठी मागे वळले तेव्हा त्यांना त्याचे डोळे दिसले. ते डोळे पळीबरोबर चालले होते. उस्ताज थबकले. परत आले. "घे रे बाबा," हळूच म्हणाले. त्या माणसाने ताटली इतक्या झटकन पुढे केली, की पळीला लागून खणकन वाजली.

उस्ताज पळी तशीच धरून हाजींपाशी आले. "हाजी, त्या दिवशी लग्नात... तुम्हाला भूक होती?"

"सकाळपासून काही खाल्लं नव्हतं."

"मग नंतर? कुठे खाल्लंत?"

"घरी."

"सोहागला?" उस्ताजांच्या हातातली पळी खाली आली. "रात्रभर गाडीत उपाशी?"

"मला वाटलं, तुम्हाला आम्ही नको आहोत."

"मला वाटलं, तुम्हाला जेवण नको आहे!"

हाजींनी त्यांच्या हातातली पळी घेऊन पातेल्यात ठेवली. वफा लेकीला थोपटायची विसरून बघत राहिली.

माणसं जेवून, हात धुवून, दुवा देऊन गेली. पातेल्याच्या तळाशी जेमतेम दोघांपुरतं उरलं होतं. उस्ताजांनी एका ताटलीत भात घेतला, त्यावर रस्सा आणि मटणाची सगळ्यात चांगली नळी ठेवली. मग त्यांनी घसा साफ केला, सदरा नीट केला, आणि तिन्ही वेळा विचारायच्या तयारीने ते हाजींसमोर उभे राहिले. "हाजी—"

हाजी खलाफांनी ताटली त्यांच्या हातातून काढून घेतली, चुलीजवळ मांडी घातली आणि नळी तोंडात घातली.

उस्ताज बघतच राहिले. "अहो, मी अजून विचारलंसुद्धा नाही!"

"घरच्या माणसाला काय विचारायचं?" हाजी भरल्या तोंडाने म्हणाले. त्यांनी भाताचा मोठा घास घेतला, चावला आणि कपाळाला आठी घातली. "मीठ कमी आहे."

वफाने तोंडाला ओढणी लावली. परक्याच्या घरी बाबांनी कधी जेवणाला नाव ठेवलं नव्हतं. कच्चं असो, करपलेलं असो, ते वाहवाच करत उठायचे. मीठ कमी असं ते फक्त स्वतःच्या घरी म्हणत.

"मीठ तुम्हीच घातलंत!" उस्ताज फिकरी ओरडले.

"मग? तुम्ही काय झोपला होता? लक्ष नको ठेवायला?" हाजी खलाफ म्हणाले आणि व्याह्यांना बसता यावं म्हणून जरा बाजूला सरकले.